डोक्यावर केस काढायची क्रीम लावली आणि बिनसलं: कुठून तपासायला सुरुवात करायची

हे वाचताना क्रीम डोक्यावरच असेल आणि आग होत असेल तर वाचणं थांबवा. मऊ फडक्याने क्रीम निपटून काढा, डोकं मागे कलंडवा म्हणजे पाणी डोळ्यांत उतरणार नाही, आणि वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. घड्याळ लावून 20. बाकीचं नंतर वाचा, पळून जात नाही.

मी केस कापायचं काम करतो. गोटा करून घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बरीच, आणि त्यांतले काही जण दरवेळी तीच कहाणी घेऊन येतात. वस्तऱ्याचा कंटाळा आला, अंगावरचे केस काढायची ट्यूब घरात होतीच, म्हटलं डोक्यावर लावून बघू. पुढचं त्यांना सांगावं लागत नाही, टोपी काढली की दिसतं. पहिलं बिघडलेलं डोकं मात्र माझंच होतं. शिकाऊ असताना मागच्या बाजूला वस्तरा पोचत नव्हता म्हणून क्रीम लावली, आणि चार दिवस उशीवर पालथा झोपलो. तेव्हापासून हा बिघाड इतक्या डोक्यांवर पाहिला आहे की आता डोकं बघून सांगता येतं चूक कुठे झाली.

काय काय दिसतं

तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी ढोबळ चार गटांत बसतात. तुमचं डोकं कोणत्या गटात आहे ते आधी ठरवा, कारण तपासणीचा रस्ता त्यावर ठरतो.

पहिला गट: केसच नीट गेले नाहीत. कुठे गुळगुळीत, कुठे खुंट, कुठे च्युइंगमसारखा लगदा होऊन चिकटलेले केस. उंदराने कुरतडल्यासारखं डोकं. आग वगैरे फारशी नाही, फक्त चारचौघांत जायची लाज.

दुसरा: केस गेले, पण कातडी बोलायला लागली. क्रीम असतानाच चुरचुर, किंवा धुतल्यावर तासाभराने कानामागे आणि मानेच्या वळीत आग. लाली, घट्ट ताणल्यासारखं वाटणं, दुसऱ्या दिवशी कोंड्यासारखे पापुद्रे.

तिसरा: दोन दिवस सगळं छान, आणि मग पुटकुळ्या. बहुतेक मानेच्या वरच्या भागात, कुठे खाजणाऱ्या, कुठे टोकाला पिवळट.

चौथा म्हणजे फोड, ओलसर चकत्या, पाणी गळणं, खपली. हा बिघाड घरी दुरुस्त करायचा नाही. हा गट असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

काही तक्रारी बिघाडच नसतात. धुतल्यावर दिवसभर राहणारा सडक्या अंड्यासारखा वास हा रसायनातल्या गंधकाचा आहे, एक-दोन दिवसांत जातो. डोकं गुळगुळीत झालं तरी काळे ठिपके दिसणं हेही तसंच. क्रीम केस कातडीच्या पृष्ठभागाशी, फार तर किंचित खाली विरघळवते, मूळ जागच्या जागी राहतं. काळेभोर जाड केस आणि उजळ कातडी असेल तर ते मूळ ठिपक्यासारखं दिसणारच. ते घालवायला पुन्हा क्रीम लावणारे लोक मला भेटले आहेत. तुम्ही तसे होऊ नका.

डोकं वेगळं का वागतं

हे कळलं की अर्ध्या तपासण्या आपोआप पटतात.

या क्रीममध्ये थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, बहुधा पोटॅशियम किंवा कॅल्शियमचा, आणि सोबत चुन्याच्या निवळीतला किंवा तत्सम तीव्र अल्कली. केसाचं प्रथिन, केराटिन, गंधकाच्या जोडांनी बांधलेलं असतं. अल्कलीने केस फुगतो, तो क्षार, म्हणजे थायोग्लायकोलेट, ते जोड सोडवतं आणि केसाचा लगदा होतो. चामडं कमावताना कातड्यावरचे केस उतरवायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात, तोच हा प्रकार, फक्त सुगंध घालून सौम्य केलेला. कारखान्यातल्या कातड्याला दुखत नाही एवढाच फरक.

मेख अशी की कातडीचा सगळ्यात वरचा थरसुद्धा केराटिनचाच. त्यात गंधकाचे जोड केसापेक्षा कमी, म्हणून केस आधी हरतो आणि कातडी थोडी उशिरा. या दोन वेळांच्या मधली जी फट, तीवर हा सगळा धंदा चालतो. हातापायांवरचा केस बारीक, तो चार-पाच मिनिटांत विरघळतो, कातडीला अजून उसंत असते. डोक्यावरचा केस जाड, दाट आणि तेलकट. त्याला वेळ जास्त लागतो. कातडीची सहनशक्ती काही वाढत नाही, उलट ती इथे कमीच पडते. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी 1967 मध्ये शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिझोन हे कातडीला लावायचं औषध किती आत शिरतं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत डोक्याच्या कातडीतून साधारण साडेतीन पट, कपाळातून सहा पट. औषध वेगळं, पण दारं किती आणि केवढी उघडी आहेत याचा अंदाज येतो. डोक्यावर केसागणिक एक छिद्र, आणि तशी लाखभर.

म्हणजे डोक्यावर ती फट अरुंद होते, कधी कधी उरतच नाही. केस जायच्या आधी कातडीची वेळ संपते. "गेले नाहीत म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवली" हे वाक्य मी ज्या ज्या तोंडून ऐकलं, त्या त्या डोक्यावर लाली होती.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर.

1. खोक्यावरचं बारीक अक्षर

बऱ्याच क्रीमच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की डोक्यावर वापरू नये. तसं लिहिलं असेल तर तपासणी इथेच संपली. ती ट्यूब हातापायांसाठी ठेवा आणि खाली वस्तऱ्या-मशिनबद्दल लिहिलंय तिकडे जा. कंपनीने ते उगाच छापलेलं नाही. वर सांगितलेली फट तिने मोजलेली असते, आणि ती हातापायांवर मोजलेली असते.

डोक्यावर चालेल असं सांगणारी उत्पादनंही मिळतात, मुख्यतः गोटा ठेवणाऱ्या पुरुषांसाठी बनवलेल्या पावडरी आणि क्रीम. वस्तऱ्याने केस उलटे आत वळून गाठी येतात अशा लोकांसाठी ही चीज जुनी आहे, आणि त्यांच्याजवळ ती वापरायला खरं कारण आहे. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

एका गिऱ्हाइकाचा प्रश्न मला आवडला होता. "पर्मच्या, म्हणजे केस कुरळे करायच्या औषधातपण हेच थायोग्लायकोलेट असतं ना? ते डोक्यावर चालतं, मग हे का नाही?" बरोबर आहे, असतं. युरोपीय संघाच्या नियमांत तर पर्मच्या औषधाला घरगुती वापरासाठी 8 टक्के आणि व्यावसायिक वापरासाठी 11 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि केस काढायच्या क्रीमला फक्त 5 टक्के. पण पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप (सातच्या वर अल्कली), त्याची मर्यादा पर्मसाठी साडेनऊ, क्रीमसाठी 12.7. पीएचचा एक अंक म्हणजे दहा पट. आपल्या कातडीचा पीएच पाचाच्या आसपास, क्रीमचा बाराच्या आसपास. सात अंक म्हणजे एक कोटी पट. शिवाय पर्मचं औषध केसाच्या लांबीवर लावतात, कातडीवर चोपडत नाहीत, आणि नंतर दुसरं औषध लावून सुटलेले जोड परत बांधून घेतात. इथे परत बांधणारं कोणी नाही.

2. घड्याळ

"साधारण दहा मिनिटं" असं सांगणाऱ्याने घड्याळ पाहिलेलं नसतं. क्रीम लावायलाच डोक्यावर तीन-चार मिनिटं जातात, म्हणजे कपाळाजवळ जिथे सुरुवात केली तिथे चौदा मिनिटं होतात आणि मानेवर दहा. कपाळाची रेघ लाल आणि मागे खुंट, असं दिसलं की मी समजतो, घड्याळ शेवटचं बोट लागल्यावर सुरू झालं होतं.

वेळ पहिलं बोट लागल्यापासून मोजायची. आणि सगळं डोकं एकदम करायचं नाही. अर्धं करा, धुवा, मग उरलेलं. माझ्या अनुभवात या एका बदलाने दुसऱ्या गटातल्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

खोक्यावरची किमान वेळ झाली की कानाच्या वर नाण्याएवढी जागा पुसून बघा. केस सहज आले तर सगळं पुसा. नाही आले तर थोडं थांबा, पण खोक्यावरच्या कमाल वेळेच्या पुढे एक मिनिटही नाही. कमाल वेळेला केस येत नसतील तर त्या केसासाठी ती क्रीम नाही, इतकाच त्याचा अर्थ. आणि चुरचुर सुरू झाली तर वेळ कितीही उरलेली असो, धुवायची. थोडी आग होतेच, असं मनाला समजावायचं नाही.

उरलेल्या खुंटांवर त्याच दिवशी दुसरा हात मारणं ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत महागडी चूक आहे. पहिल्या हाताने वरचा थर सैल केलेला असतो, दुसरा थेट कच्च्या कातडीवर पडतो. बहुतेक खोक्यांवर दोन वापरांमध्ये 72 तासांचं अंतर सांगितलेलं असतं, ते डोक्याला धरून किमान समजा.

3. ट्यूब

मुदत बघा, आणि टोपण घट्ट लागतं का ते बघा. थायोग्लायकोलेट हवेने निकामी होत जातं, म्हणून उघडी राहिलेली ट्यूब पुसट काम करते. अल्कली मात्र तेवढाच राहतो. म्हणजे केस न काढणारी पण कातडीला लागणारी क्रीम. तोंडाशी सुकलेला गोळा दिसला तर टाकून द्या.

क्रीम जांभळट-गुलाबी झाली म्हणून घाबरलेला एक जण आला होता. त्याने ती गंजक्या चमच्याने पसरवली होती. लोखंडाशी थायोग्लायकोलेट असा रंग देतं. प्लॅस्टिकचा पट्टा वापरा. चांदीची बाळी कानात असेल तर काढून ठेवा, नाहीतर काळी पडेल.

4. केसांची लांबी

पहिल्या गटातल्या बहुतेकांचं उत्तर इथे आहे. बोटभर केसांवर क्रीम लावली तर ती वरच्या केसांतच अडकते, आतपर्यंत पोचतच नाही. वरचे केस लगदा होऊन एकमेकांना चिकटतात आणि खालच्या केसांवर झाकण बसतं. मग माणूस ओढायला लागतो, आणि अर्धवट सुटलेला केस ओढला की मूळ दुखतं ते वेगळंच.

आधी झिरो मशीन फिरवा. दोन-तीन मिलिमीटर उरले पाहिजेत, फार तर. मशीन फिरवून एक दिवस जाऊ द्या. वस्तरा नको. वस्तरा कातडीचा वरचा थरही खरवडतो आणि न दिसणाऱ्या चिरा ठेवतो, त्यांत बारा पीएचचं काही गेलं तर काय होईल ते सांगायला नको. वस्तऱ्यानंतर किमान दोन-तीन दिवस थांबा.

मशिनने इतके बारीक केल्यावर आरशात बघून बऱ्याच जणांना वाटतं, हे तर चांगलंच दिसतंय. तसं वाटलं तर तिथेच थांबा. मी तर मनापासून सांगेन.

5. तेल, घाम, पाणी

डोक्यावर तेलाच्या ग्रंथी भरपूर. त्यात आदल्या रात्री तेल लावलेलं असेल तर केसावर जणू मेणकापड चढलेलं असतं, आणि क्रीम त्यावरून घसरते. उलट ओल्या डोक्यावर लावली तर पातळ होते आणि ओघळते, आणि ओघळ नेमका भुवईकडे किंवा कानात जातो.

आदल्या दिवशी सौम्य शाम्पूने धुवा, घासू नका, नखं लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण कोरड्या डोक्यावर लावा. त्याच दिवशी गरम पाण्याने अंघोळ करून लगेच लावणं वाईट, कारण ऊब आणि वाफेने कातडी मऊ होऊन आणखी शोषते. व्यायाम करून आल्यावरही नको. घाम फुटला की क्रीम त्याच्यासोबत खाली येते.

कपाळाची रेघ, कानांच्या कडा, मानेची खालची रेघ इथे पेट्रोलियम जेलीचा जाड बांध घाला. भुवयांवरही. एकदा एकाची अर्धी भुवई गेली होती, आणि डोक्यावरच्या खुंटांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

6. थर

केस झाकतील इतका जाड आणि सगळीकडे सारखा. चोळायचा नाही. शाम्पूसारखं चोळून लावणारे बरेच आहेत. चोळलं की क्रीम केसावरून उतरून कातडीत बसते, म्हणजे उलटंच काम.

7. धुणं

धुतल्यावर तासाभराने कानामागे आग होणं हा मला सर्वांत जास्त वेळा दिसणारा बिघाड, आणि त्याचं कारण जवळजवळ दरवेळी एकच: क्रीम उरलेली असते. डोक्याचा माथा आरशात दिसतो म्हणून तो धुतला जातो. कानामागची खाच, मानेच्या वळ्या, जुन्या व्रणांचे खळगे दिसत नाहीत. तिथे उरलेलं बोटभर अल्कली आपलं काम चालूच ठेवतं. आम्ल कातडीला भाजून स्वतःच एक साल तयार करतं आणि तिथे बरंच अडतं. अल्कली तसं अडत नाही, ते चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत जातं. म्हणून सुरुवातीला दुखत नाही आणि दोन तासांनी कळतं.

आधी पट्ट्याने किंवा ओल्या मऊ कापडाने क्रीम निपटून काढा. मग कोमट, गारकडे झुकणारं पाणी, डोकं मागे कलंडवून. बोटांच्या पेरांनी कानामागची खाच आणि मानेची वळी चाचपा. बुळबुळीत लागतंय तोवर क्रीम आहे. बुळबुळीतपणा संपल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं धुवा. साबण, शाम्पू त्या दिवशी नको, तेही त्या कातडीला झोंबतात. टिपून कोरडं करा आणि सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. आफ्टरशेव्ह लोशन नको. एक दिवस पोहणं, कडक ऊन, घट्ट टोपी आणि हेल्मेट टाळता आलं तर टाळा.

आग होतेय म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावून "आम्लाने अल्कली मारायचा" शहाणपणा काहींना सुचतो. शाळेतलं रसायनशास्त्र म्हणून ते खरं आहे. डोक्यावर मात्र त्या क्रियेतून उष्णता निघते आणि कच्च्या कातडीवर आम्लाचा दुसरा मार बसतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलंही काही नको. फक्त पाणी, आणि भरपूर वेळ.

8. गेल्या काही दिवसांत डोक्याला आणि अंगाला काय काय लावलं

सगळं नीट केलं, दरवेळी करतो तसंच केलं, तरी या वेळी भाजलं. असं कोणी म्हणालं की मी यादी विचारायला बसतो, आणि बहुतेक वेळा तिच्यात काहीतरी सापडतं.

रेटिनॉइड औषधं हा पहिला संशयित. मुरुमांसाठी चेहऱ्यावर लावायचं ट्रेटिनॉइन किंवा अडापलीन कपाळाच्या रेघेपर्यंत पोचतं, आणि पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर सगळ्याच अंगाची कातडी नाजूक करतं. ते चालू असेल तर क्रीम बंद. गोळ्या थांबवल्यावर कधी चालेल हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही-आम्ही नाही.

दुसरा, केस वाढायचं मिनॉक्सिडिल. गोटा करणारा माणूस ते कशाला लावेल असं वाटेल, पण पुढचे वाचवायचे आणि कडेचे काढायचे असा बेत करणारे असतात. त्यातल्या अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलने आधीच कातडी कोरडी पडलेली असते, आणि क्रीमनंतर लगेच लावलं तर झोंबतं आणि नेहमीपेक्षा जास्त आत शिरतं. त्याशिवाय कोंड्याचा सॅलिसिलिक आम्लाचा शाम्पू, नुकताच केलेला केसांचा रंग, उन्हाने भाजलेला माथा, यांतलं काहीही आठवड्याभरात झालं असेल तर थांबायचं.

आणि डोक्यावर सोरायसिस, खवल्यांचा चट्टा, गजकर्ण, उघडी जखम असेल तर अजिबात नाही. मुलांच्या डोक्यावर तर कधीच नाही. केमोथेरपी चालू असलेल्या एकाने उरलेले विरळ केस क्रीमने काढू का असं विचारलं होतं. त्या काळात कातडी नाजूक असते आणि जखम भरायला वेळ लागतो. त्याचे मी मशिनने हलकेच काढून दिले.

9. चाचणी

ही खरं तर पहिल्यांदा करायची गोष्ट. तरी इतक्या खाली लिहिली, कारण हिला दोन दिवस लागतात आणि लोकांना तेवढा धीर नसतो. कानामागे केसांच्या रेघेत नाण्याएवढा ठिपका, पूर्ण डोक्याला ठेवणार तेवढीच वेळ, मग धुवा. खोकी 24 तास थांबायला सांगतात. मी 48 सांगतो. रसायनाने भाजणं लगेच कळतं, पण सुगंधाची किंवा इतर घटकाची ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते.

पायावर चालली म्हणून डोक्यावर चालेल, हे चाचणीत धरू नका. आणि मागच्या वर्षी चालली म्हणून या वर्षी चालेल हेही नाही. ॲलर्जी वापरता वापरताच तयार होते.

10. पुटकुळ्या

कधी आल्या ते आठवा. काही तासांत आलेल्या लाल ठिपक्यांचा पुरळ म्हणजे कातडी चिडलेली आहे, दोन दिवस काही न लावता बसते. दोन-तीन दिवसांनी खाज सुटून पसरत गेलेला पुरळ, जिथे क्रीम लागली तिथेच नेमका, ही ॲलर्जी असू शकते. ती क्रीम पुन्हा नाही. चार-पाच दिवसांनी, केस परत डोकावताना आलेल्या गाठी म्हणजे आत वळलेले केस किंवा मुळांचा दाह. डोक्यावरचा केस रोज साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, म्हणून हिशेब जुळतो.

फोडू नका. सुईने केस उकरू नका. कोमट ओलं फडकं दिवसातून दोनदा दहा मिनिटं ठेवा आणि गाठी पूर्ण बसेपर्यंत क्रीमही नको, वस्तराही नको. घरात पडलेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम लावायचा मोह अनेकांना होतो. दोन दिवस बरं वाटतं, आणि आतला संसर्ग दबून नंतर वाढतो.

मानेच्या वर, केसांच्या रेघेत कडक गाठी पुन्हा पुन्हा येत असतील, एकत्र होऊन उंचवटा होत असेल, तर त्याला क्रीम किंवा वस्तरा बदलून उपाय नाही. ते व्रणासारखं वाढत जाणारं दुखणं असू शकतं, आणि लवकर दाखवलं तर आटोक्यात राहतं. असे दोन जण मी कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवले. दोघेही आधी वर्षभर ट्यूब बदलत होते.

11. क्रीम सोडणं

सगळं तपासलं, तीन वेळा नीट केलं, तरी खुंट राहतात किंवा दरवेळी लाली येते. मग तुमच्या डोक्यावर ती फट नाही. ते मान्य करायला लोकांना जड जातं, कारण डोकं दिसायला तसंच तर असतं.

झिरो मशीन आणि त्यावर जाळीचा इलेक्ट्रिक शेव्हर, हा माझा नेहमीचा पर्याय. ब्लेड थेट कातडीला लागत नाही, चिरा पडत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारं एक वयस्कर गिऱ्हाईक वस्तऱ्याची धास्ती म्हणून क्रीमकडे वळलं होतं. कारण अगदी रास्त होतं, फक्त उपाय चुकला होता. शेव्हरवर ते आता खूश आहेत. आत वळणाऱ्या केसांसाठीही अगदी गुळगुळीत करायचा हट्ट सोडून एक मिलिमीटर ठेवणं हेच औषध. बोटांना थोडं खरखरीत लागेल. लांबून कोणालाही कळत नाही.

कुठे थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं

डोळ्यात क्रीम गेली असेल तर वाट बघायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, पापणी उघडी धरून 15 ते 20 मिनिटं वाहतं पाणी सोडा, आणि त्यानंतर बरं वाटत असलं तरी थेट डोळ्यांच्या तातडीच्या उपचाराला जा. अल्कली बुबुळात शिरलं तर नजर जाऊ शकते.

20 मिनिटं धुऊनही आग कमी होत नाही, फोड आले, कातडी ओली आणि सोललेली दिसते, किंवा एखादी जागा पांढरट-राखाडी पडून तिथे स्पर्शच कळत नाही, तर त्याच दिवशी. न दुखणारी जागा चांगली असा समज करून घेऊ नका, तिथे भाजणं खोल गेलेलं असतं. खोल भाजलं तर केसांची मुळं कायमची जातात आणि त्या जागी गुळगुळीत व्रण राहतो, मग केस ठेवायचं ठरवलं तरी ती चकती तशीच दिसते.

चेहरा, ओठ सुजले किंवा श्वास जड झाला तर थेट तातडीचा विभाग. पू, ताप, मानेत दुखऱ्या गाठी, पसरत जाणारी लाली दिसली तर एक-दोन दिवसांच्या आत. नुसते काळपट डाग उरले असतील तर घाई नाही, ते हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने फिके होतात. उन्हात टोपी घाला किंवा माथ्यावर सनस्क्रीन लावा, आणि डाग घालवायला कोणतीही ब्लीच क्रीम चढवू नका.

जाताना ट्यूब आणि खोकं सोबत न्या. किती वेळ ठेवली होती आणि आधी काय लावलं होतं ते खरं सांगा. माझ्याकडे आलेला एक जण डॉक्टरांना "शाम्पूची रिॲक्शन" म्हणून सांगून आला होता, लाज वाटली म्हणून. डॉक्टरांनी त्याचा शाम्पू बंद केला आणि ट्यूब घरात तशीच राहिली. तीन आठवड्यांनी तो परत माझ्या खुर्चीत होता, डोक्यावर नवीन लाली घेऊन.